पंधरा इंच बाहेर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (कालपासून कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी चारच अंगं जमिनीला टेकली असं समज. उरलेली कंबर सुटल्यावर टेकवीन.) तुझं पत्र पोचलं. खुब्याचं हाड जुळलं, डॉक्टर खूश आहेत, वॉकरची सवय झाली, भूक लागते, हे सगळं वाचून बरं वाटलं. आता इकडची खुशाली. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण त्यावर विश्वास ठेवू नकोस. इकडे काहीही ठीक नाही. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे आणि राग कुणावर काढावा हे न कळल्यामुळे तुझ्यावर काढतो आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस. कागदावरचं ओरडणं ठेवून देता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी तुझाच समाचार घेतो. तुझ्या पत्राच्या शेवटी ज्या चार ओळी आहेत त्या तू शुद्धीवर असताना लिहिल्यास का? म्हणे, खोली वेळेत झाली नाही तर जिवाला लावून घेऊ नकोस, मी इथल्या वृद्धाश्रमात नाव घातलं आहे, माणसं चांगली आहेत, खिडकी पूर्वेला आहे. खिडकी पूर्वेला आहे! आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि तू अठरा. ठरलेलं लग्न तू चार वर्षं पुढे ढकललंस, सासरच्यांनी तोंड वाकडं केलं तरी बधली नाहीस, मला त्या म्हाताऱ्या शिंप्याच्या हाताखाली बसवलंस आणि माझ्या हातात कात्री नीट बसेपर्यंत घरातून हलली नाहीस. तेव्हा तू कुणाची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघत बसली होतीस का? आणि आता मला सांगतेस, तुला त्रास नको. ताई, मला या वाक्याचा इतका राग आला आहे की त्याबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही.

तुझ्या घरमालकाला महिनाअखेर जागा हवी. आज अकरा तारीख. म्हणजे एकोणीस दिवस. तिसऱ्या मजल्यावरून तुला खाली उतरवायला चार माणसं मी ठरवून ठेवली आहेत, टेम्पोवाल्यालाही शब्द दिला आहे. फक्त तुला उतरवायचं कुठे, तेवढा एकच प्रश्न उरला आहे. आता तो का उरला ते ऐक.

तुझ्या अटी मला तोंडपाठ आहेत. भावाच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपणार नाही. भावजयीच्या स्वयंपाकघरातून जा-ये करणार नाही. दुकानातून तर नाहीच, कारण पँटच्या मापासाठी हात वर करून उभ्या असलेल्या परक्या पुरुषासमोरून वॉकर ठोकत जायचं म्हणजे दोघांचीही पंचाईत. खोली लहान असली तरी चालेल, पण तिला स्वतःचा दरवाजा हवा आणि त्याची किल्ली तुझ्या कमरेला हवी. (कमरेला किल्ली लावून तू नेमकी कुठे निघणार आहेस हे मी विचारलेलं नाही. माझी टाप नाही.) अटी मान्य. घराच्या समोर दुकान, मागे संडासाची टाकी, डावीकडे रस्ता. राहिली उजवी बाजू. तिथे आमच्या भिंतीपासून शेजाऱ्याच्या कुंपणभिंतीपर्यंत मागच्या, अरुंद टोकाला तेरा फूट मोकळी जागा होती, पुढे थोडी जास्तच. तीत दहा फुटांची खोली आणि तीन फुटांची बोळ. तीन फूट सोडायचेच असतात, तसा नियम आहे. बोळीतून तू तुझ्या दरवाजाने आत-बाहेर. इतकं सरळ काम होतं. एखाद्या शिकाऊ माणसानेही उसवून पुन्हा न शिवता एका दमात पुरं केलं असतं.

पण कुंपणाच्या पलीकडे कोण राहतो ते तुला ठाऊक आहे. तुझ्या मागच्या खेपेला तू त्याला 'सभ्य गृहस्थ' म्हणाली होतीस. मोजणीसाहेब! जन्मभर जमिनी मोजल्या, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी सवय जात नाही. हा माणूस अंगणात खुर्ची टाकतो तीसुद्धा मोजून. याच्या निरोप समारंभाची पँट मीच शिवली होती. घरी नेऊन याने ती पलंगावर पसरली, लोखंडी टेपने मोजली आणि चिठ्ठी पाठवली: 'डावा पाय अर्धा इंच आखूड.' लोखंडी टेपने! पँट म्हणजे काय रस्ता आहे? मी उलट निरोप पाठवला की पँट बरोबर आहे, आयुष्यभर शेतांच्या बांधांवरून तिरकं चालून साहेबांचा डावा पाय अर्धा इंच लांब झाला आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं, दोन्ही पायांचं माप माझ्या वहीत आहे. त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. बारा वर्षं. समोरासमोर आलो की तो आकाश मोजतो आणि मी चपलेत खडा शोधतो. तुझ्या भावजयीचं मात्र त्याच्याशी कुंपणावरून बोलणं चालू असतं, वाटीभर साखर इकडून जाते, कढीपत्ता तिकडून येतो. घरातच फितुरी असल्यावर बाहेरच्याला काय बोलायचं?

तर कामाला सुरुवात झाली. आखणी मी स्वतः केली. गवंडी म्हणाला होता की फक्की मारून मी आखतो, पण चाळीस वर्षं माप घेण्यात घालवलेल्या माणसाने आपल्या बहिणीच्या खोलीचं माप दुसऱ्याला घेऊ द्यायचं? मी चुन्याची फक्की हातात घेतली, टेप गळ्यात होतीच, आणि अर्ध्या तासात अशी सुरेख रेघ मारली की गवंडी बघत राहिला. (तो खरं तर रेघा बघत राहिला होता. रेघा दोन होत्या. त्याचं पुढे येईल.) मग मी त्याला सांगितलं, आधी विटा नुसत्या मांडून कच्चं उभं करून दाखव, आम्ही ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिलाई मारत नाही. त्यावर तो आणि त्याची दोन माणसं पाठ फिरवून बराच वेळ खोकत होती. शेवटी म्हणाला, मास्तर, तुम्ही दुकानात जा, भिंतीला काखेत घट्ट होत नाही. असल्या उद्धट माणसाच्या हाती काम देऊन मी दुकानात जाऊन बसलो, कारण दुसरा इलाज नव्हता. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर होती, एकशे चाळीस हाफ पँटी. तुझ्या खोलीचा पाया खणला जात असताना मी खिसे लावत होतो.

त्याच दिवशी दुपारी पहिली चिठ्ठी आली. मोजणीसाहेबाने कुंपणावरून हिच्या हातात दिली, हिने माझ्या हातात दिली, आणि मी ती न उघडता मशिनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. मला काय माहीत नव्हतं आत काय असणार? धमकी. अर्ज करीन, काम थांबवीन, माझ्या भिंतीला तडा गेला. (तडा गेला होता, खरं आहे. पाया खणताना त्याच्या भिंतीचा खालचा भाग थोडा मोकळा झाला. पण ती भिंत तीस वर्षांची आहे. तीस वर्षांत कुणाला तडे जात नाहीत?) दुसऱ्या दिवशी दुसरी चिठ्ठी. मग तिसरी. जोतं वर आलं तेव्हा चौथी, दरवाजाची चौकट बसली तेव्हा पाचवी, आणि स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी तो स्वतः कुंपणापाशी उभा राहून हात हलवत काहीतरी ओरडत होता. मी मशीन जोरात चालवलं. सहावी चिठ्ठी त्याने एका दगडाला गुंडाळून आमच्या अंगणात टाकली. आता तूच सांग, दगडाला गुंडाळून आलेला कागद सभ्य गृहस्थाचा असतो का? सहाच्या सहा चिठ्ठ्या न वाचता मी मशिनखाली दडपल्या. मशीन डुगडुगायचं थांबलं, एवढा त्या माणसाचा मला उपयोग झाला.

स्लॅब पडला. गिलावा झाला. दरवाजाला कडी बसली. मला इतका आनंद झाला की मी औषधाच्या दुकानातून तुझ्याकडे आहे तसाच एक नवा वॉकर घेऊन आलो. म्हटलं, तुझा तिथे सामानात बांधलेला असेल, उतरल्या उतरल्या हाताशी असावा. आणि म्हटलं, गिऱ्हाईक येण्याआधी आपणच एकदा घालून बघावं. म्हणून काल सकाळी वॉकर धरून, तू चालत असशील तसा एकेक पाऊल टाकत, मी बोळीतून तुझ्या दरवाजाकडे निघालो. तोंडाशी वॉकर सहज आत गेला. चार पावलं ठीक गेली. सहाव्या पावलाला दोन्ही बाजूंनी भिंती घासायला लागल्या. मी जरा जोर लावला. (तुझा भाऊ हट्टी आहे हे तुला नव्याने सांगायला नको.) आठव्या पावलाला वॉकर दोन भिंतींमध्ये असा बसला की पुढे जाईना, मागे येईना. दरवाजा समोर चार फुटांवर, त्याची नवी कडी उन्हात चमकते आहे, आणि मी वॉकरमध्ये उभा. जोर लावताना कमरेत चमक भरली ती तेव्हाच. खाली बसता येईना, वळता येईना. मी गवंड्याला हाक मारली, हिला हाक मारली, आणि उत्तर आलं ते डोक्यावरून. कुंपणापलीकडे स्टुलावर उभा राहून मोजणीसाहेब खाली बघत होता. बारा वर्षांनी तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"मास्तर, दरवाजाशी एकवीस इंच आहे. वॉकर चोवीसचा असतो."

ताई, माणसाला राग येतो म्हणजे काय ते मला काल कळलं. तोवर मला जे येत होते ते राग नव्हते, नुसत्या शिंका होत्या. आणि त्या माणसाने पुढे काय करावं? वरून हात घालून वॉकर उचलला, जरा तिरका केला आणि सोडवला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, स्टुलावर उभा राहून! मला पडायला झालं तर माझ्या शर्टाची कॉलर धरली. (शर्ट माझ्याच हातचा होता म्हणून उसवला नाही.) मग वॉकर उलटसुलट करून बघत त्याने विचारलं, हा कुणासाठी? मी चपलेत खडा शोधायला लागलो. पण मागून तुझी भावजय आली होती, तिला गप्प बसवत नाही. तिने सगळं सांगितलं. थोरल्या नणंदबाईंसाठी खोली आहे, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, एकट्या असतात, महिनाअखेर घर सोडायचंय, नाहीतर आश्रमात जातो म्हणतात. घरातल्या गोष्टी परक्याला! तो म्हणाला, मला वाटलं मास्तर कापडाचं गोदाम बांधताहेत. एवढं बोलून स्टुलावरून उतरला आणि घरात गेला.

आता खरा प्रकार. हिने मशीन उचलून धरलं, चिठ्ठ्या बाहेर काढल्या आणि माझ्यासमोर मोठ्याने वाचल्या. पहिली: 'आखणीची बाहेरची रेघ सहा इंच जास्त आहे. खणण्यापूर्वी पाहावे.' दुसरी: 'भिंतीची जाडी रेघेच्या बाहेर धरली जात आहे, आणखी नऊ इंच. एकूण पंधरा इंच बाहेर. काम थांबवून पाहावे.' तिसरी: 'माझी कुंपणभिंत मागे तिरकी होत गेली आहे, मागच्या टोकाला जागा सर्वांत कमी राहील. दरवाजा तिकडेच आहे.' पुढच्या तिन्ही तशाच, फक्त 'पाहावे'च्या जागी आधी 'कृपया पाहावे', मग 'अजूनही पाहावे' आणि दगडावरच्या चिठ्ठीत 'आता तरी पाहावे.' धमकी एकीतही नाही. तड्याबद्दल अवाक्षर नाही. मी तुला हे सांगतो आहे कारण ही सांगितल्याशिवाय राहणार नाही, आणि तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. पण मला सांग, मदतच करायची होती तर धमकी वाटेल अशा अक्षरात कशाला लिहायचं? त्याचं अक्षर बघ एकदा. प्रत्येक चिठ्ठी कोर्टातून आल्यासारखी दिसते.

आता त्या दोन रेघांचं. आमच्या धंद्यात कापडावर दोन रेघा मारतात. आतली शिलाईची, बाहेरची कापायची. मधलं कापड आत दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढे गिऱ्हाईक अंगाने भरलं तर उसवून सैल करता येतं. चाळीस वर्षं माझा हात असाच चालला आहे, त्याला मी कसं सांगणार की बाबा रे, आज कापड नाही, जमीन आहे? माझ्या नकळत हाताने बाहेरची रेघ मारली. तीही कपड्याला एक-दीड इंच सोडतो तशी नाही, चांगली सहा इंचांवर. (तुझ्यासाठी होती ना, म्हणून जरा सैल हाताने सोडलं.) शिंपी असता तर त्याने एका नजरेत ओळखलं असतं की बाहेरची रेघ हिशेबात धरायची नसते. गवंड्याला मी काल धरून विचारलं, दोन रेघांतली बाहेरचीच का घेतलीस? तर म्हणतो कसा, मालकाने दोन रेघा मारल्या की आम्ही मोठी धरतो, खोली मोठी झाली म्हणून कुणी भांडत नाही. आणि भिंत रेघेच्या बाहेर का बांधलीस? तर म्हणे, रेघ खोलीची आहे, भिंतीची वेगळी दाखवली नव्हती. आणि बोलला का नाहीस? तर म्हणे, विचारणार होतो, पण तुम्ही काखेचं काढलंत. सहा आणि नऊ, पंधरा. अकलेचा कांदा! तो की मी, ते अजून ठरायचं आहे.

तर आजची स्थिती अशी. खोली उभी आहे, पलंग मांडला आहे, तुझा दरवाजा तयार आहे आणि दरवाजापर्यंत तू पोचू शकत नाहीस. माझी भिंत पाडून पंधरा इंच आत घ्यायची तर स्लॅबही उतरवावा लागेल. गवंडी दीड महिना सांगतो, म्हणजे तीन धर. तोवर तू त्या पूर्वेच्या खिडकीत जाऊन बसणार आणि एकदा बसलीस की उठणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. नवा दरवाजा स्वयंपाकघरातून काढू म्हणालो तर ही म्हणाली, माझी हरकत नाही, पण ताई येणार नाहीत. बरोबर बोलली. मी संध्याकाळभर त्या पलंगावर बसून होतो. खोली छान झाली आहे, ताई. सहा इंच जास्त आहे ते कळतं. मला रडू आलं, हेही लिहून टाकतो, रागाचंच होतं.

शेवटी मी मानहानी गिळून हिच्यामार्फत निरोप पाठवला की साहेबांनी आपली भिंत मागे घ्यावी. त्यांच्याकडे त्या बाजूला आहे काय? कोरफडीच्या सात कुंड्या. त्यावर त्याने काय उत्तर द्यावं? ऐकून घेतलं, 'बघतो' म्हणाला आणि खिडकी लावून घेतली. बघतो! जन्मभर सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाचं 'बघतो' म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. 'बघतो' म्हटलेली माझी एक फाइल अजून कुठेतरी कुणीतरी बघतो आहे. तेव्हा आता सामोपचार संपला. तुझ्या खालच्या मजल्यावर जे वकील राहतात, ज्यांना तू सर्दीचा काढा पाठवतेस, त्यांना म्हणावं या माणसाला एक कडक पत्र पाठवा. काय कारण दाखवायचं ते त्यांनी शोधावं, त्यांचा धंदाच तो आहे. त्याची भिंत तिरकी आहे हे मात्र जरूर घालावं. तसं त्याने स्वतःच लिहून दिलं आहे.

प्रकृतीची काळजी घे. आश्रमवाल्यांना अजून काही सही करून देऊ नकोस. दिली असलीस तर चष्मा नव्हता म्हणून सांग.

तुझा
धाकटा

ता. क. हे पत्र काल रात्री पाकिटात घालून ठेवलं होतं आणि आज सकाळी टाकायला निघणार, तोच बाजूला घणाचे घाव ऐकू आले. मला वाटलं, हा माझ्या भिंतीवर उठला. मी हातातली मोठी कात्री घेऊन तसाच धावलो. बघतो तर मोजणीसाहेब डोक्याला पंचा गुंडाळून आपलीच कुंपणभिंत वरून एकेक वीट उतरवतो आहे, आणि त्याच्या मदतीला कोण? माझा गवंडी! माझाच चहा पिऊन, माझाच घण घेऊन. मला बघून दोघेही थांबले नाहीत. थोड्या वेळाने साहेब उतरला, हात धुतले आणि एक कागद हिच्या हातात दिला. (माझ्या नाही. बोलणं अजून बंदच आहे.) हा मात्र मी स्वतः उघडला. नकाशा काढला आहे, प्रमाण दिलं आहे, उत्तर दिशेचा बाणसुद्धा आहे, आणि खाली त्याच कोर्टाच्या अक्षरात लिहिलं आहे: 'माझ्या हद्दीतील कुंपणभिंत पंधरा इंच आत घेऊन सरळ बांधत आहे. बोळ सर्वत्र तीन फूट होईल. बांधकामास नऊ दिवस. ही जागा शेजारी मास्तर यांच्या थोरल्या भगिनींच्या जाण्यायेण्यासाठी, त्यांच्या हयातीपर्यंत. मालकी माझी राहील. त्यानंतर भिंत पूर्वीच्या जागी घेण्यात येईल.' खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त'.

वकिलांना काही सांगू नकोस.

दुसरा ता. क. (ही ओळ माझी नाही, हिने पेन हिसकावून घेतलं आहे.) ताई, नमस्कार. तुम्ही निर्धास्त या. मगाचपासून हे साहेबांबरोबर विटा उचलताहेत. बोलत नाहीत दोघे, पण एक देतो आणि एक घेतो. कमरेला पट्टा बांधून दिला आहे.

तिसरा ता. क. वरचं वाचलं असशील तर लक्षात घे की विटा मी एवढ्यासाठीच उचलतो आहे की नाहीतर त्या माझ्या बाजूला पडतील. गैरसमज नको. माझा राग जागच्या जागी आहे, उलट वाढला आहे, कारण आता तो धरायला जागा राहिली नाही. बारा वर्षं जपलेला वैरी या माणसाने एका सकाळीत माझ्याकडून काढून घेतला. आणि तो कागद पुन्हा वाच. 'हयातीपर्यंत'! म्हणजे हा तुझे दिवस मोजणार! रोज सकाळी स्टुलावर उभा राहून बघणार, ताई आल्या का बाहेर, आज कशा चालतात, आणि मनातल्या मनात पंधरा इंच परत घेणार. मी हे खपवून घेणार नाही, आणि तूही घ्यायचं नाहीस. मी हिशेब केला आहे. तू त्र्याहत्तरची, तो एकाहत्तरचा. तेव्हा माझी विनंती एवढीच. वीस तारखेला भिंत पुरी होते, एकवीसला टेम्पो येईल, मुकाट्याने त्यात बस. आल्यावर वेळेवर औषध घे, दोन वेळा नीट जेव, रोज त्या बोळीतून चार फेऱ्या मार, आणि या माणसाला त्याची जागा निदान तीस वर्षं परत मिळू देऊ नकोस.